विश्लेषण: शिवकालीन पूल अजून उभा, मग अंधेरीचा पूल का पडला? व्हायरल फोटोमागचं खरं गणित

पावसाळ्यात कुठे पूल पडल्याची बातमी आली की मोबाइलवर एक फोटो हमखास येतो. हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, काळ्या दगडाचा, कमानींचा एक जुना पूल. सोबतच्या मजकुराचा आशयही ठरलेला असतो. साडेतीनशे वर्षं झाली तरी हा पूल उभा आहे आणि आपले पूल पन्नास वर्षंही टिकत नाहीत. त्याखाली अंधेरीच्या गोखले पुलाचं नाव येतं, कधी सावित्रीचं, कधी कुंडमळ्याचं.

फोटोतला पूल खरा आहे आणि लोकांचा संतापही खरा आहे. मात्र त्यातून काढला जाणारा निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. जुना दगडी पूल का टिकतो, तो कधी पडतो आणि मुंबईच्या उपनगरातल्या पुलाशी त्याची तुलना कुठपर्यंत करता येते, हे समजून घेतलं तर राग योग्य ठिकाणी काढता येईल.

फोटोतला पूल कुठला?

हा पूल सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यातल्या पार या गावाजवळ आहे. गाव प्रतापगडाच्या पायथ्याशी वसलेलं आहे आणि तिथून कोयना नदी वाहते. नदीवरचा हा दगडी पूल 'शिवकालीन पूल' म्हणूनच ओळखला जातो.

या जागेला महत्त्व आलं ते घाटवाटेमुळे. कोकणातून घाटावर येणाऱ्या जुन्या वाटांपैकी पार घाट ही एक वाट. महाड आणि पोलादपूरच्या बाजूने माल याच वाटेने वर यायचा. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, त्यानंतर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधला गेला. १० नोव्हेंबर १६५९ ला गडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली, तेव्हा खानाच्या फौजेचा तळ पारच्याच परिसरात होता. गड, घाटवाट आणि बाजारपेठ यांना जोडणारा बारमाही रस्ता हवा असेल, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या कोयनेवर पूल हवाच. परंपरेनुसार हा पूल त्या काळातला मानला जातो.

तो नुसता पाहण्यापुरता उरलेला नाही. गावची वाहतूक आजही त्यावरून होते. त्यामुळेच तो फोटो इतका पटतो.

दगडी कमान उभी कशी राहते?

दगडाचा एक स्वभाव आहे. त्याला दाबलं तर तो प्रचंड वजन पेलतो, पण ताणलं किंवा वाकवलं तर मोडतो. म्हणून दोन खांबांवर लांबच लांब शिळा आडवी टाकली की ती मधोमध तडकते. तिची खालची बाजू ताणली जाते आणि ताण हीच दगडाची कमजोरी.

कमान ही अडचण टाळते. कमानीतले दगड पाचरीसारखे घडवलेले असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. पुलावरून वजन गेलं की प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटतो आणि तो रेटा कमानीच्या वळणावरून उतरत खांबात, तिथून जमिनीत जातो. या प्रवासात दगडावर पडतो तो मुख्यतः दाब. म्हणजे ज्या कामात दगड पटाईत आहे, तेवढंच काम त्याला दिलेलं असतं.

बांधताना मात्र कमान स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. आधी खाली लाकडी साचा उभारायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणायचे आणि शेवटी माथ्यावरचा कळीचा दगड बसवायचा. तो बसला की साचा काढला तरी कमान उभी राहते. वर दगडमातीची भर घालून रस्ता सपाट केला जातो. ही भर वाया जात नाही. तिच्या वजनाने कमान आणखी घट्ट दाबली जाते आणि चाकाचा भार एका ठिकाणी न पडता पसरतो.

सांधे भरायला असायचा चुना. तो बैलाच्या घाणीत मळून घेतला जायचा. सिमेंटपेक्षा चुना मऊ असतो आणि तेच इथे फायद्याचं ठरतं. उन्हाळ्यात दगड थोडा फुगतो, थंडीत आकसतो, पाया किंचित खचतो. चुन्याचा सांधा एवढी हालचाल सहन करतो. बारीक भेग पडलीच तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिथे साचून ती काही प्रमाणात बुजतेही.

सह्याद्रीतला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. दाब सहन करण्यात तो नेहमीच्या काँक्रीटच्या कितीतरी पुढे आहे. चांगल्या कमानीत दगडावर येणारा दाब त्याच्या ताकदीच्या एका छोट्या भागाएवढाच असतो. पण सगळ्यात मोठा फायदा वेगळा आहे. या पुलात लोखंडी सळई नसते, त्यामुळे आतून गंजण्यासारखं त्यात काही नसतं.

पुराला तोंड कसं दिलं जातं?

कमान वजन पेलते, पण नदीवरच्या पुलाचा खरा शत्रू पाणी असतं. जुन्या गवंड्यांना हे नीट माहीत होतं. म्हणून दगडी पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने त्रिकोणी, नावेच्या नाळेसारखं टोक दिलेलं असतं. पाणी सपाट भिंतीवर आपटण्याऐवजी दुभंगतं आणि बाजूने निघून जातं. पुरात वाहून येणारे ओंडकेही या टोकावरून सरकतात.

दुसरी गोष्ट जागेची निवड. घाटाच्या पायथ्याशी नदीचा तळ अनेक ठिकाणी खडकाळ असतो. खांब थेट खडकावर बसला तर पुराला त्याचा पाया उकरता येत नाही. वाळू किंवा मातीवर उभ्या असलेल्या खांबाला ही सोय नसते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

मग अंधेरीचा पूल का पडला?

अंधेरी पूर्व आणि पश्चिम जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ मध्ये बांधला गेला. ३ जुलै २०१८ ला सकाळी साडेसातच्या सुमारास, पाऊस सुरू असताना, त्याचा पदपथाचा भाग खालच्या रेल्वेमार्गावर कोसळला. पाच जण जखमी झाले, त्यातल्या दोघांचा नंतर मृत्यू झाला. त्याच वेळी येणाऱ्या लोकलचे मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी आपत्कालीन ब्रेक लावून गाडी थांबवली, नाहीतर नुकसान मोजण्यापलीकडे गेलं असतं. पश्चिम रेल्वे दिवसभर विस्कळीत राहिली.

पडलेला भाग मुख्य रस्त्याचा नव्हता. पदपथ पुलाच्या कडेला, बाहेर काढलेल्या आधारांवर तोललेला होता. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. आधार गंजले होते आणि पदपथावरचं वजन वेळोवेळी वाढत गेलं होतं. केबल आल्या, वाळू आली, पेव्हर ब्लॉक आले.

आधुनिक पुलाची ताकद आणि कमजोरी एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे पोलाद. काँक्रीटलाही दगडासारखा ताण सोसत नाही, म्हणून त्यात सळया घालतात आणि ताण त्या घेतात. यामुळेच पूल सपाट, हलका आणि लांब गाळ्याचा करता येतो. पण सांध्यातून पाणी मुरलं, हवेतला खारेपणा आत गेला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडतो. खपली पडली की आणखी पाणी आत जातं. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या, चार महिने भिजणाऱ्या शहरात हे चक्र वेगाने फिरतं.

याचं गोव्यातलं उदाहरण बोलकं आहे. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये जांभ्या दगडाचा, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांधीव रस्ता आणि पूल उभारला. व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिश यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि आजही त्यावरून वाहनं जातात. त्याच पणजीत मांडवी नदीवरचा काँक्रीटचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला. तो वापरात येऊन दोन दशकंही झाली नव्हती. काँक्रीटच्या आतल्या पोलादाला लागलेला गंज हे त्यामागचं मोठं कारण होतं.

मग अंधेरीत दगडी पूल का बांधत नाहीत?

कारण अंधेरीत पुलाखाली नदी नाही, पश्चिम रेल्वेचे रूळ आहेत. दगडी कमानीला थोड्या थोड्या अंतरावर जाड खांब लागतात. कोयनेत ते चालतात, रुळांच्या मधोमध नाही. शिवाय खाली लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी, वरच्या विजेच्या तारांसाठी मोकळी उंची लागते. कमान जेवढी लांब तेवढी ती उंच होते आणि पुलावर चढणारे रस्ते तेवढे लांब पसरतात. अंधेरी स्थानकाच्या आसपास एवढी जागा नाही.

नव्या गोखले पुलासाठी रुळांवर जो पहिला पोलादी गर्डर बसवला, तो सुमारे ९० मीटर लांब आणि १३०० टनांच्या घरात होता. एवढ्या कमी उंचीत, मधे एकही खांब न घेता एवढं अंतर ओलांडणं दगडी कमानीला इथे जमणारं नाही. त्यामुळे पारचा पूल आणि अंधेरीचा पूल यांची तुलना करताना दोघांना दिलेलं कामच वेगळं आहे, हे विसरून चालत नाही.

वजनाचंही तसंच. घाटवाटेवरच्या पुलावरून बैलांचे तांडे, घोडी, पालख्या आणि माणसं जायची. पुढे १९व्या शतकात आंबेनळी घाटाचा रस्ता झाला आणि मोठी वाहतूक तिकडे वळली. म्हणजे मोटारींचं युग आलं तेव्हा पारचा पूल मुख्य मार्गावर राहिलाच नव्हता. उलट आजच्या पुलांवरचा भार वाढतच आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची वजनमर्यादा वाढवली, तेव्हा साध्या दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा सुमारे १६ टनांवरून १८.५ टनांवर गेली. पूल मात्र तेच राहिले.

दगडाचा पूलही पडतो: सावित्री, २०१६

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि काही खासगी वाहनं अंधारात थेट पुरात गेली. सुमारे ४० जणांचा जीव गेला. बोरिवलीची पाटी लावलेली बस डेपोत पोहोचलीच नाही. शोधकार्य अनेक दिवस चाललं, गाळातली वाहनं शोधायला क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून नदीत सोडावं लागलं.

हा पूल काँक्रीटचा नव्हता. १९२८ मध्ये ब्रिटिशांच्या काळात बांधलेला, दगडी कमानींचा तो पूल होता. दगडी पूल पडत नाहीत ही समजूत इथे संपते.

दगडी पूल पडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा कमानीत नसतं, पायात असतं. पुराचं पाणी खांबाला अडून खाली वळतं, तिथे भोवरे तयार होतात आणि ते पायाखालची वाळू-माती उकरून नेतात. पाया उघडा पडला की खांब किंचित झुकतो. कमानीसाठी एवढंही पुरतं. कमानी एकमेकींना रेटून उभ्या असतात. एक खांब गेला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या कमानींचा आधार जातो आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा पुढचा भाग कोसळतो. काँक्रीटचा पूल अनेकदा आधी वाकून, तडकून इशारा देतो. कमान मात्र शेवटपर्यंत धडधाकट दिसते.

आणखी एक अडचण आहे. पुराने खांबाभोवती उकरलेला खड्डा पूर ओसरताना पुन्हा गाळाने भरतो. उन्हाळ्यात कोणी पाहणी केली तर तळ सपाट दिसतो, पण तो गाळ सैल असतो आणि पुढच्या पुरात पहिल्या तडाख्यालाच निघून जातो. सावित्रीच्या पुलाची तपासणी मे २०१६ मध्ये झाली होती आणि तो वाहतुकीसाठी सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघाला होता, असं सरकारनेच सांगितलं. पूल त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पडला.

एकाच डोंगरावरच्या दोन नद्या

कोयना आणि सावित्री या दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या डोंगरावर उगम पावतात. पंचगंगेच्या मंदिरात ज्या पाच नद्यांची नावं घेतली जातात, त्यात या दोघी आहेत. दोघींना मिळणारा पाऊसही त्याच ढगांचा. म्हणून 'तिकडे पूल टिकला, इकडे पडला' ही तुलना वरवर पाहता अगदी रास्त वाटते.

पण पारचा पूल कोयनेच्या उगमाजवळ आहे. तिथे नदी लहान आहे, तिच्यात येणारं पाणी मर्यादित खोऱ्यातलं आहे. सावित्री महाडला पोहोचते तेव्हा घाटाखालचे कितीतरी ओढे आणि उपनद्या पोटात घेऊन आलेली असते. तिचं पात्र रुंद आणि पुराचं पाणी अनेक पटींनी जास्त असतं. शिवाय त्या पुलावर महामार्गाची वाहतूक होती. दोन पूल, दोन वेगळ्या परीक्षा. एकाला पैकीच्या पैकी आणि दुसऱ्याला नापास ठरवताना प्रश्नपत्रिका वेगळी होती, हे लक्षात घ्यावं लागतं.

यातून पारच्या पुलाचं मोल कमी होत नाही. नदीचा स्वभाव ओळखून जागा निवडणं आणि मिळेल त्या दगडाला साजेसं बांधकाम करणं हेच तर त्या गवंड्यांचं कौशल्य. पण ते कौशल्य म्हणून पाहायला हवं, चमत्कार म्हणून नाही.

जे पडले ते फोटोत नसतात

व्हायरल पोस्टमध्ये आणखी एक चकवा आहे. आज दिसतात ते फक्त टिकलेले पूल. जे वाहून गेले त्यांचे दगड कधीच घराच्या जोत्यात आणि शेताच्या बांधात गेले. टिकलेल्यांवरून सगळ्यांचं अनुमान काढलं तर प्रत्येक जुनी वस्तू दणकटच वाटणार.

आणि टिकलेले पूलही आपोआप टिकलेले नाहीत. हैदराबादचा पुराना पूल १५७८ मध्ये कुतुबशाहीत मुसी नदीवर बांधला गेला. पुरात त्याचं नुकसान झाल्यावर १८२० मध्ये निजामाच्या राजवटीत त्याची दुरुस्ती झाली. १९०८ च्या मुसीच्या महापुरातून तो वाचला. आज जड वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून जाते आणि जुन्या पुलावर भाजीबाजार भरतो. उत्तर प्रदेशात जौनपूरला गोमती नदीवरचा शाही पूल अकबराच्या काळातला, १५६४ ते १५६८ दरम्यानचा. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर त्याच्या सात कमानी नव्याने बांधाव्या लागल्या. फ्रान्समधला आविन्यों शहराचा मध्ययुगीन पूल तर वारंवार वाहून गेला. २२ कमानींपैकी आज चारच उरल्या आहेत आणि पूल नदीच्या मध्यातच संपतो.

या यादीत एक सूत्र आहे. जिथे मोडलेलं वेळेवर दुरुस्त झालं आणि वय झाल्यावर भार कमी केला गेला, तिथे पूल उरला.

देखभालीचा पैसा वळवला की काय होतं?

लंडनचा जुना दगडी पूल ११७६ ते १२०९ या काळात बांधला गेला आणि सहाशेहून जास्त वर्षं वापरात राहिला. तो त्या काळातला सगळ्यात भक्कम पूल नव्हता. त्याची जमेची बाजू होती ती वेगळ्या निधीची. पुलासाठी दान मिळालेल्या जमिनी, पुलावरच्या घरांचं भाडं आणि पथकर यांचा पैसा पुलाच्या देखभालीसाठी राखलेला असायचा.

१३व्या शतकात राजा तिसरा हेन्री याने हे उत्पन्न राणीला देऊन टाकलं. दुरुस्ती थांबली. १२८१-८२ च्या हिवाळ्यात नदीतल्या बर्फाच्या दाबाने पुलाच्या पाच कमानी कोसळल्या. पुढे निधी पुन्हा पुलाकडे आला. त्याच निधीतून वाढलेली संस्था आजही लंडनमधले पाच पूल सांभाळते, टॉवर ब्रिजही त्यातलाच एक.

मुंबईच्या उपनगराचा इतिहासही पुलाच्या पैशाशी जोडलेला आहे. माहीम आणि वांद्र्यामधली खाडी होडीने ओलांडताना माणसं बुडत होती. जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांधीव रस्ता खुला झाला. त्यावर पथकर घ्यायचा नाही, अशी त्यांची अट होती. पूल बांधायला दाता मिळतो, उद्घाटनाला पाहुणे मिळतात. पन्नास वर्षांनी त्याच्या सांध्यातलं पाणी अडवायला पैसा कोण देणार, हा प्रश्न मात्र तेव्हाइतकाच आज अवघड आहे.

तपासणी होते, मग पूल का पडतात?

तपासणी होते, हे खरं आहे. गोखले पुलाच्या दुर्घटनेनंतर रेल्वेमंत्र्यांनी मुंबईतल्या ४४५ पुलांच्या तपासणीची घोषणा केली. राष्ट्रीय महामार्गांवरचे पूल आणि मोऱ्या नोंदवण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये एक व्यवस्था सुरू केली, तिच्यात १ लाख ७२ हजारांहून जास्त बांधकामांची नोंद झाली.

अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली, पाहणीची पद्धत. वरून, डोळ्यांनी केलेल्या पाहणीत पायाखालची पोकळी किंवा काँक्रीटमधली गंजलेली सळई दिसत नाही. मार्च २०१९ मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, तेव्हा त्याच्या तपासणी अहवालात किरकोळ दुरुस्तीच सुचवलेली होती.

दुसरी, जबाबदारी. अंधेरीत पूल महापालिकेचा आणि रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीत. २०१८ मध्ये पदपथ पडल्यावर देखभाल कोणाची, यावर दोन्ही यंत्रणांचा जाहीर वाद झाला. दोघांचा म्हणजे कोणाचाच नाही, अशी अवस्था झालेला पूल सगळ्यात धोकादायक.

तिसरी, बंद करण्याचं धाडस. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पण फलक गर्दी थांबवत नाही. त्यानंतर महिन्याभरातच, ९ जुलैला, गुजरातमध्ये मही नदीवरचा १९८५ सालचा गंभीरा पूल वाहतूक सुरू असतानाच तुटला.

अंधेरीने याची दुसरी बाजूही पाहिली. गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला जुळतच नाही, हे उघड झालं. दोन्हींच्या उंचीत जवळपास माणसाच्या उंचीएवढा फरक होता. रेल्वेच्या नव्या नियमांनुसार पूल उंच करावा लागला, पण उड्डाणपूल तिथेच राहिला. त्याचा भाग उचलून जोडणी करावी लागली आणि संपूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. म्हणजे अंधेरीकरांनी अडीच वर्षं वळसा घातला. इतका त्रास होणार असेल तर यंत्रणाही पूल बंद करायला कचरते आणि लोकही 'चालू ठेवा' म्हणतात. धोका वाढतो तो नेमका याच काळात.

याउलट सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. ठरवलं तर वेगाने काम होतं. पण ते माणसं गेल्यानंतर झालं.

मग फोटो फॉरवर्ड करायचा की नाही?

जरूर करावा. पारचा पूल पाहावा असाच आहे आणि जपावाही असाच. तो जपणं म्हणजे सांध्यात उगवलेली पिंपळाची रोपं मुळासकट काढणं, पाणी वाहून जायला वाट मोकळी ठेवणं, निघालेला चुना चुन्यानेच भरणं आणि जड वाहनं त्यावर न घालणं. जुन्या दगडी कामात सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि दगडाचीच कड झिजू लागते. त्यामुळे हौसेची डागडुजी अनेकदा नुकसान करून जाते.

पण त्या फोटोसोबत आणखी तीन प्रश्न पुढे गेले तर उपयोग होईल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरमध्ये रोज ज्या पुलावरून जाणं होतं, त्याची शेवटची तपासणी कधी झाली? तो अहवाल लोकांना पाहता येतो का? आणि देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची आहे?

पुलाखालून जाताना काही खुणा कोणालाही दिसू शकतात. सांध्यातून सतत गळणारं पाणी, खपली पडून उघडी पडलेली सळई, तांबूस ओघळ, कठड्यात उगवलेलं झाड, बाहेर फुगलेली दगडी भिंत. अशा खुणा दिसल्या तर फोटो आणि जागेसह मुंबई महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर किंवा रेल्वेच्या १३९ वर कळवता येतं.

सावित्रीच्या पुलाला तपासणीत सुरक्षित ठरवलं गेलं होतं आणि हिमालय पुलाला किरकोळ दुरुस्ती पुरेल असं वाटलं होतं. एक दगडाचा होता, एक नव्हता. दोन्ही ठिकाणी कागदावरचा पूल जमिनीवरच्या पुलापेक्षा मजबूत निघाला. पार गावातल्या पुलाशी बरोबरी करायची असेल तर सुरुवात हा फरक मिटवण्यापासून करावी लागेल.